ब्रेकच्या आवाजावरून माझ्या चांगल्या डिस्क बदलायला लावल्या, तुमच्या बाबतीत असं होऊ देऊ नका

सुरुवातीला आवाज अगदी बारीक होता. गाडी हळू चालली की पुढच्या डाव्या चाकातून चिर्रर्र असा यायचा आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला की बंद व्हायचा. हे मी गॅरेजवाल्याला नीट सांगितलं होतं. त्याने चाक काढलं, डिस्कच्या (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, ब्रेक लावला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला दाबून धरतात) कडेवरून बोट फिरवलं, मलाही फिरवायला लावलं, कडेला उंचवटा लागत होता, म्हणाला "बघा साहेब, डिस्क खाल्लीय, नुसते पॅड टाकून उपयोग नाही, दोन्ही बाजूच्या डिस्क टाकाव्या लागतील." मोजलं काहीच नाही. बोटाला कड लागली एवढ्यावर मी हो म्हणालो.

ती कड बऱ्याच वापरलेल्या डिस्कला असते हे मला नंतर कळलं. पॅड अगदी काठापर्यंत घासत नाही, त्यामुळे काठाची पट्टी तशीच राहते, तिच्यावर गंज धरतो आणि आतला भाग थोडा झिजतो. नुसत्या कडेवरून डिस्क गेली की राहिली हे ठरत नाही, ते जाडीवरून ठरतं, आणि कमीत कमी किती जाडी चालते ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं.

त्याने आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नसलेल्या, डिस्क टाकल्या आणि एका नावाजलेल्या ब्रँडच्या बॉक्समधून पॅड काढून लावले, "कंपनीपेक्षा भारी आहेत" असं वर सांगितलं. मी जुन्या डिस्क आणि जुने पॅड गोणीत बांधून डिकीत ठेवायला लावले. त्याला ते आवडलं नाही, "भंगार कशाला नेताय" म्हणाला, पण मी ऐकलं नाही, आणि पुढे त्याच गोणीमुळे सगळं उघडं पडलं.

चार दिवसांत नवे आवाज सुरू झाले. हलका ब्रेक दाबला की कर्कश किंकाळी, आणि रिव्हर्स घेऊन परत पुढे निघालो की पहिल्या ब्रेकला टक असा एक आवाज. गेलो तर म्हणाला नवीन आहे, सेट होईल. परत गेलो तर पॅड काढून कडा पॉलिश पेपरने घासून दिल्या, आवाज दोन दिवस गेला आणि परत आला. तिसऱ्या वेळी म्हणाला आता कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलायला लागतील, आणि त्याच सुमारास ८० च्या स्पीडला ब्रेक लावला की स्टीयरिंग थरथरायला लागलं होतं, तर त्यावर व्हील बेअरिंग पण सांगितलं. म्हणजे दर फेरीला एक नवा पार्ट. घरचे सगळे त्या गाडीत बसतात, बंपरचा आवाज असता तर सोडून दिलं असतं, पण हा ब्रेक आहे, म्हणून मी कॅलिपरला नाही म्हणालो आणि दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो.

काकांनी आधी गाडी स्वतः चालवली आणि मग मला एवढंच विचारलं, आवाज कधी येतो? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, चाकाच्या फेऱ्यांबरोबर की सलग, वळताना की सरळ. मला आधीच्या माणसाने यातलं काही विचारलंच नव्हतं. ब्रेक न दाबता चाकाच्या प्रत्येक फेरीला खर्र होत असेल तर कधीकधी डिस्कमागचा पत्रा वाकून नुसता टेकलेला असतो, तो हाताने सरळ केला की काम संपतं असं ते म्हणाले.

मग चाक काढून डिस्क नटांनी वॉशर घालून हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) घट्ट आवळली आणि डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणारा डायल गेज लावला. डिस्क हाताने हळूहळू फिरवताना तो काटा पुढेमागे जाताना मी स्वतः बघितला, ०.१३ मिलिमीटर. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिमिट ०.०५ आहे. डिस्क काढली तर हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे तसेच होते, म्हणजे त्याने ते साफ न करताच नवी डिस्क वर चढवली होती. हब घासून परत मोजलं तर ०.०९. मग त्यांनी डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून लावली, आणि सगळ्यात जास्त वाकडा पॉइंट डिस्कबरोबरच सरकला. हबचा दोष असता तर तो हबच्या जागीच राहिला असता. नवी डिस्कच वाकडी होती. अशी डिस्क फिरताना प्रत्येक फेरीला पॅडला एकाच जागी घासते, हळूहळू तिथली जाडी कमी होते आणि मग स्टीयरिंग थरथरतं. बेअरिंगला काही झालेलं नव्हतं.

टक आवाजाचं कारण तर बघून राग आला. पॅड ज्या ब्रॅकेटमध्ये बसतात त्यातल्या स्टीलच्या क्लिप बसवल्याच नव्हत्या, त्यामुळे पॅड ढिला होता आणि दिशा बदलली की एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपटायचा. पॅडच्या पाठीमागची शिम, म्हणजे पातळ पत्री, पण गायब. पॅड आणि कॅलिपरच्या थरथरण्याचाच तो किंकाळीसारखा आवाज असतो आणि तो दाबायलाच शिम असते.

पॅड हातात घेऊन त्यांनी त्याच ब्रँडचा खरा पॅड शेजारी ठेवला. खऱ्याच्या दोन्ही कडा तिरक्या कापलेल्या, मधे चीर, पाठीच्या प्लेटवर नंबर ठोकलेला, मटेरियलच्या बाजूला घर्षणाचा कोड छापलेला (एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं असतात, पहिलं थंड ब्रेकचं, दुसरं गरम ब्रेकचं). माझ्या पॅडवर यातलं एकही नव्हतं, कडा सरळ, आणि काळ्या रंगाचे शिंतोडे थेट घासणाऱ्या मटेरियलवर. बॉक्स ब्रँडचा, आत माल भलताच. आफ्टरमार्केट वाईट असं माझं म्हणणं नाही, चांगल्या कंपन्यांचे पॅड मस्त चालतात, मला विकलेला माल मात्र डुप्लिकेट होता.

मग गोणी उघडली. जुन्या डिस्कवर कमीत कमी २० मिलिमीटर असं कोरलेलं होतं, नवी असताना २२, आणि मायक्रोमीटरवर आली २१.२. व्हर्निअर लावू नका, त्याचे जबडे बाहेरच्या कडेवर टेकतात आणि जाडी चुकीची दाखवतात, आतल्या घासलेल्या भागावरच मोजायला सांगा. जुन्या पॅडमध्ये बाहेरचा ७ मिलिमीटर शिल्लक आणि आतला जेमतेम २. आतल्या पॅडला झीज कळवणारी छोटी पत्री असते, ती डिस्कला टेकली की चिर्रर्र करते, तोच माझा पहिला आवाज. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्यातली एक स्लाइड पिन गंजून अडकली होती म्हणून आतला पॅड एकटाच झिजला. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस आणि नवे पॅड, एवढंच काम होतं.

काकांनी जुन्याच डिस्क परत लावल्या, काटा ०.०३ वर. खरे पॅड, क्लिप, शिम, पिनला ग्रीस. मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावून पॅड बसवले, मधे पूर्ण थांबायचं नाही आणि शेवटी ब्रेक थंड होऊ द्यायचे. तेव्हापासून आवाज नाही, थरथर नाही.

मोजमापाचे आणि दोन्ही पॅडचे फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. आधी म्हणाला मला डीलरनेच असा माल दिला, मग पॅडचे पैसे परत केले. जुन्या डिस्क का मोजल्या नाहीत असं विचारलं तर "अनुभवावरून कळतं" म्हणाला. डिस्कचे आणि तीन वेळच्या लेबरचे पैसे अजून दिलेले नाहीत, आता फोनही उचलत नाही. त्याची बिलं मी जपून ठेवली आहेत, त्यावर पॅडच्या ब्रँडचं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि ती घेऊन या आठवड्यात ग्राहक आयोगात तक्रार करतोय.