जमिनीत कुजणारा मल्चिंग पेपर : अर्ध्या एकर टरबुजावरचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात आमची काळी जमीन आहे. तण येऊ नये आणि ओल टिकावी म्हणून आम्ही गादीवाफ्यांवर (बेडवर) प्लास्टिक अंथरतो, त्यालाच मल्चिंग पेपर म्हणतात. टरबूज निघालं की मल्चिंग पेपर काढायला चार बाया दोन दिवस लागतात, तरी तुकडे मातीत राहतातच. रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळलेलं ते काळं प्लास्टिक विळ्याने कापून काढताना दरवर्षी जीव तुटायचा. म्हणून मागच्या जानेवारीत अर्ध्या एकरावर कुजणारा पेपर अंथरला, बाकी अर्ध्यावर नेहमीचा पॉलिथिनचा.

हा पेपर हाताला मऊ लागतो, चुरचुरत नाही. जाडी २० मायक्रॉन. आमचा नेहमीचा ३० चा. स्टार्च आणि पीबीएटी (एक लवचिक, कुजणारं प्लास्टिक) यांचं हे मिश्रण. नुसता स्टार्च ठिसूळ आणि पाणी ओढणारा, पीबीएटी त्याला लवचिकपणा देतं. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय, म्हणून एक सांगते : पीबीएटी बहुतेक खनिज तेलापासूनच बनतं. तरी ते कुजतं, कारण त्याच्या रेणूंच्या साखळीतले एस्टर बंध, म्हणजे कड्या जोडणारे सांधे, मातीतल्या बुरशी-जिवाणूंना तोडता येतात. उलट उसापासून केलेलं पॉलिथिनही मिळतं आणि ते कुजत नाही. तेव्हा 'वनस्पतीपासून बनवलेलं' एवढं वाचून घेऊ नका.

लेबलवर आणखी एक बघा. आपलं आयएस १७०८८ हे मानक कंपोस्टच्या गरम ढिगासाठी आहे, तिथे ५८ अंशांच्या आसपास तापमान धरतात. वावरातल्या मातीसाठी युरोपचं ईएन १७०३३ (२०१८) आहे : दोन वर्षांच्या आत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड व्हायला हवं. मी दुकानदाराकडे याचंच प्रमाणपत्र मागितलं, ते मिळाल्यावरच पैसे दिले.

अंथरताना पहिलीच ओळ फाटली. यंत्राचा ताण कमी केल्यावर जमलं. साधारण पन्नासाव्या दिवशी मातीत दाबलेली कड आधी सुटली, कारण ओल आणि जिवाणू तिथेच. वारा सुटला की पेपर फडफडायचा. दोन वेळा माती ओढावी लागली. तोवर वेलांनी बेड झाकले होते, म्हणून तणाने त्रास दिला नाही. पॉलिथिनपेक्षा यातून वाफ जास्त निघते, त्यामुळे ठिबक रोज थोडं जास्त चालवलं. सत्तर दिवसांत फळं निघाली. दोन्हीकडच्या वजनात मला फरक दिसला नाही.

किंमत मात्र जवळजवळ अडीचपट. वाचलेल्या मजुरीने ती सगळी भरून निघत नाही. उरलेलं बंडल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं, ते पुढच्या हंगामात घड्यांवर चिरलं. लागेल तेवढाच घ्या. केळीला हा पेपर घेऊ नका. तिचं वर्षभराचं पीक, इतके दिवस हा टिकणार नाही. टरबूज-खरबुजाला मी पुन्हा घेणार, आणि या वेळी पूर्ण एकरावर.

मे महिन्यात लॅटरल (ठिबकच्या नळ्या) गुंडाळले आणि पेपरसकट रोटाव्हेटर फिरवला. पोळ्याला रुपयाएवढे तुकडे दिसत होते. दिवाळीनंतर हरभरा पेरताना आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, ढेकूळ फोडून पाहिलं. नखाएवढा एक तुकडा निघाला, तोही बोटांत चुरगळला. ते म्हणाले, "हाऊ कागद कथा गया वं?" (हा कागद कुठे गेला गं?)