कोकणातून फुटीचा हंगाम: वर्षाचा पास घ्यावा की सप्टेंबरपुरता?

आधी निकाल, मग कारणं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिथल्यांच्या तोंडी नुसतं 'फुटी', नव्याने बघायला घेणाऱ्याने सामने इंटरनेटवर दाखवणाऱ्या सेवेचा वर्षाचा पास घेऊ नये. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात महिन्याचा घ्यावा. 2025 मध्ये फायनल्स, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्या, 4 सप्टेंबरला सुरू झाल्या आणि ग्रँड फायनल, म्हणजे शेवटची लढत, 27 ला झाली, म्हणजे चोवीस दिवस. एका महिन्याच्या पैशात सगळा मलिदा हाती. वर्षाचा पास त्याच्यासाठी, ज्याने एक संघ धरलाय आणि मार्चपासून त्याचा दर आठवड्याचा सामना बघायची ज्याची तयारी आहे. अठरा संघांचं सगळं बघतो म्हणणारा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरता भरता सुटतो.

एएफएल म्हणजे तिथली फुटीची मुख्य लीग, आणि ऑस्ट्रेलियाबाहेरच्यांसाठी तिची वॉचएएफएल ही सेवा आहे. सामने थेट दिसतात, नंतर पूर्ण किंवा आखडते, म्हणजे कापून छोटे केलेलेही, बघता येतात, पास आठवड्याचा, महिन्याचा किंवा वर्षाचा मिळतो. समालोचन अर्थातच इंग्रजीत. पहिले दोन-तीन सामने त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं, त्याने बिघडत नाही.

आपल्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट घड्याळ आहे. युरोपातल्या फुटबॉलसाठी रात्री दीडला डोळे ताणावे लागतात. इथे उलटं. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे, म्हणून तिथली संध्याकाळी साडेसातची लढत आपल्याकडे दुपारी तीनला, जेवण होऊन ताटं घासून झाल्यावर. शनिवारी दुपारी तिथे दीडच्या आसपास सुरू होणारा सामना आपल्या सकाळच्या नऊला, घावणे-चटणीच्या वेळेला. ग्रँड फायनल तिथे दुपारी अडीचला, म्हणजे आपल्याकडे बरोबर सकाळी दहाला. गोंधळ होतो तो हंगामाच्या सुरुवातीला. एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्न-सिडनीची घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेली असतात, तेव्हा फरक साडेपाच तासांचा. ब्रिस्बेनवाले घड्याळाला हातच लावत नाहीत, त्यांचा फरक बारमाही साडेचार. अ‍ॅडलेड हिवाळ्यात चार तास, पर्थ कायम अडीच. वेळापत्रक बहुधा मेलबर्नच्या वेळेत छापलेलं असतं. पर्थच्या सामन्याला 'स्थानिक वेळ' समजून बसलात, तर दोन तास उशीर झालाच म्हणून समजा.

आता जाळ्याचं. मासे धरायच्या नव्हे, इंटरनेटच्या. सामन्याचा पाव भाग म्हणजे क्वार्टर, तो वीस मिनिटांचा म्हणतात, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो तिशीच्या आसपास जातो. मधल्या सुट्ट्या धरून सामना अडीच तासांचा. 720 दर्जावर तासाला साधारण एक ते दीड जीबी, 1080 वर अडीच ते तीन जीबी. म्हणजे मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा पॅक फार तर तिसऱ्या क्वार्टरातच आटोपतो, आणि फुटीचे सामने फिरतात ते तिथूनच. फायबर असेल तर दहा एमबीपीएसचा स्थिर वेग पुरे. शंभरचा प्लॅन घेऊन चित्र अडकत असेल, तर दोष प्लॅनचा नाही, भिंतीचा आहे. जांभ्या चिऱ्याची नऊ इंची भिंत राउटरचा 5 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल चांगलाच खाते. राउटर पडवीत आणि टीव्ही माजघरात असेल, तर 2.4 वर जोडा. त्याहून बरं म्हणजे कौलाखालून एक लॅन केबल ओढा. दोन-तीनशे रुपयांची ती वायर महागड्या राउटरपेक्षा जास्त काम करते.

पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच चालायचं. राउटरसाठी 12 व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. डब्यावर 8,800 एमएएच लिहिलेलं असलं तरी तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा. 12 व्होल्टला ढोबळ भागिले तीन करा, साधारण पावणेतीन अँपिअर-तास उरतात. 1 अँपिअरच्या राउटरला एवढ्यात सामना कसाबसा निघतो, 2 अँपिअरचा असेल तर निघत नाही. घेण्याआधी जुन्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा. एवढं करूनही चित्र गेलं, तर गावातल्या केबलवाल्याच्या पेटीतली बॅटरी संपलेली असते. तिथे आपला इलाज नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दर्जा 480 वर आणायचा. आणि मळभ येऊन गडगडायला लागलं की राउटरचा आणि टीव्हीचा प्लग सरळ काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, अडॅप्टरच्या वाटेने येते.

पैसे भरताना बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करावे लागतात, ते बहुतेक वेळा बंदच असतात. रुपयांत बघितलेल्या रकमेवर बँक परकीय चलनाचं दोन ते साडेतीन टक्के शुल्क लावते आणि त्या शुल्कावर जीएसटी. पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातील यावर विसंबू नका. परदेशी वसुली आपल्याकडच्या ई-मँडेटच्या, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानगीच्या, नियमांत अडकते. उलट काम झालं की स्वतःहून रद्द करायलाही विसरू नका.

खेळाविषयी थोडं, कारण कबड्डी बघून मोठं झालेल्या डोळ्याला हा लवकर कळतो. मैदानावर बाजूला अठरा जण, मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू थेट गेला तर गोल, 6 गुण. बाजूच्या फटीतून गेला किंवा उंच खांबाला लागला तर बिहाइंड, 1 गुण. पकड खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, पाठीत ढकलायचं नाही. चेंडू टाकून द्यायची संधी असून तो कवटाळून बसलेल्याला धरला की 'होल्डिंग द बॉल', आणि पंचाच्या शिट्टीआधीच सगळं स्टेडियम 'बॉऽऽल' म्हणून ओरडतं. चढाईपटूचा पाय धरल्यावर आपल्याकडे जो गलका होतो, तोच. पंधरा मीटरहून लांब मारलेला चेंडू हवेत झेलला की तो मार्क. झेलणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही, तो निवांत मारणार. या झेलासाठी समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर चढलं तरी चालतं. दहीहंडीचा दुसरा थर धावता धावता लागावा, तसं दिसतं ते.

बिहाइंडला हसू नये. 2023 च्या ग्रँड फायनलमध्ये कॉलिंगवूडचे गोल 12 आणि ब्रिस्बेनचे 13, तरी कॉलिंगवूड जिंकलं, 90 विरुद्ध 86. कारण त्यांचे बिहाइंड 18, ब्रिस्बेनचे 8. धावफलकावर 12.18 (90) असं दिसतं ते याचसाठी. मधलं टिंब दशांशाचं नव्हे.

2025 चा हंगाम कोकणच्या पंचांगाला इतका चिकटून चालला की गंमत वाटावी. मार्चमध्ये आल्फ्रेड चक्रीवादळ क्वीन्सलँडवर आलं आणि तिथले पहिल्याच फेरीतले दोन सामने पुढे गेले. निसर्ग आणि तौक्ते बघितलेल्यांना याचं नवल नाही. त्यातला गोल्ड कोस्ट विरुद्ध एसेंडन थेट 27 ऑगस्टच्या बुधवारी, साखळीचा सगळ्यात शेवटचा सामना म्हणून खेळवला. त्या दिवशी आपल्याकडे गणेश चतुर्थी. गोल्ड कोस्ट तो जिंकून इतिहासात प्रथमच फायनल्समध्ये पोचलं. मग 6 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुपारी, मिरवणुका निघायच्या वेळेला, त्यांनी पर्थमध्ये फ्रीमँटलला एका गुणाने बाहेर काढलं. विजयी गुण डेव्हिड स्वॉलोच्या बिहाइंडचा. हा सामना पूर्णच बघावा, आखडता नको. शेवटच्या पाच मिनिटांचा ताण कापलेल्या चित्रफितीत उरत नाही.

अ‍ॅडलेडचं मात्र वाईट वाटतं. साखळीत पहिला नंबर. पहिल्या चौघांना एक हार माफ असते, ती सवलतही हाताशी. आधी कॉलिंगवूडकडून हरले, मग आठव्या नंबरच्या हॉथर्नकडून, आणि दोन आठवड्यांत खेळ खलास. साखळीचा तक्ता आणि सप्टेंबर यांचं नातं सासू-सुनेसारखंच, वरवर गोड. एवढ्यासाठीसुद्धा महिन्याचा पास वर्षाच्या पासापेक्षा शहाणपणाचा.

ग्रँड फायनलला ब्रिस्बेनने गीलाँगला 18.14 (122) विरुद्ध 11.9 (75) असं 47 गुणांनी हरवलं. सलग दुसरं विजेतेपद. विल अ‍ॅशक्रॉफ्टला सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदकही सलग दुसऱ्यांदा. पोटरीच्या दुखापतीने हंगाम संपला असं धरलेला सहकर्णधार लॅकी नील बदली खेळाडू म्हणून उतरला. गीलाँगचा जेरेमी कॅमेरून, हंगामात सगळ्यात जास्त गोल मारणारा, त्याच सामन्यात हात मोडून घेऊन बसला. सामन्याआधी स्नूप डॉगचा कार्यक्रम होता, तो ओलांडून पुढे गेलात तर तेवढा डेटा वाचेल.

नंतर बघणाऱ्यांसाठी एक खबरदारी. निकाल माहीत नसताना बघायचं असेल, तर यूट्यूब उघडू नका. एएफएलच्या फुकट चित्रफितींवरूनच निकाल कळू शकतो. फोनवरच्या सूचनाही आदल्या रात्री बंद करा. ज्यांना पैसे घालायचेच नाहीत त्यांना मात्र त्या चित्रफिती आणि एएफएलच्या संकेतस्थळावरची आकडेवारी पुरेशी आहे, फक्त त्यात खेळाचा दम कळत नाही, नुसते गोल कळतात.

पास हातात असेल तर 2025 च्या फायनल्सचे नऊच्या नऊ सामने उरकत बसू नका. 5 सप्टेंबरचा गीलाँग-ब्रिस्बेन आधी लावा, त्यात गीलाँग 38 गुणांनी जिंकलं होतं. लगेच 27 तारखेचा लावा. तेच दोन संघ, तेच मैदान, बावीस दिवसांचं अंतर. दुसऱ्या सामन्यात मध्यंतरानंतर चहाला उठू नका, ब्रिस्बेन तिथेच सुटलं. चेंडू कुठे आहे यापेक्षा चेंडू नसलेले ब्रिस्बेनचे खेळाडू कुठे धावतायत तिकडे नजर ठेवा. 32 इंची टीव्हीवर ते नीट दिसतं, फोनवर नाही.