हातात धरायचा व्हॅक्यूम पंप: जुन्या गाडीच्या एसीतील गळतीसाठी

जुन्या गाड्यांपैकी अनेकींच्या डॅशबोर्डमागे हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा विजेच्या मोटरवर नव्हे, तर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढते त्यामुळे तयार होणाऱ्या कमी दाबावर, चालतात. हा व्हॅक्यूम नेमका कुठे गळतो आहे ते शोधण्यासाठी मी हाताने दाबायचा, काट्याचे मापक असलेला पंप घेतला आणि गेले वर्षभर तो वापरतो आहे.

माझ्या गाडीचे दुखणे ठरावीक होते. सपाट रस्त्यावर गार हवा समोरच्या जाळ्यांतून नीट येई. मोठा चढ लागला की ती हळूहळू काचेकडे वळे आणि ॲक्सिलरेटर सोडला की परत तोंडावर येई. आयडलवरच्या निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असतो, पण थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडला की तो जवळजवळ शून्यावर येतो. तेवढ्या वेळेची बेगमी म्हणून एक छोटी टाकी आणि तिच्या वाटेवर वन-वे व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गळतीमुळे टाकीतला व्हॅक्यूम संपला की झडपा स्प्रिंगच्या जोराने काचेकडे जातात. बहुतेक गाड्यांत ही रचना मुद्दाम केलेली असते, कारण उकाडा सोसता येतो, पण धुके धरलेल्या काचेतून गाडी चालवता येत नाही.

या पंपाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो स्वतः गळत नाही. हे हास्यास्पद वाटेल, पण आधी उसना आणलेला प्लास्टिकचा पंप स्वतःच हवा सोडत होता आणि त्याच्यावर विसंबून मी एक चांगली टाकी काढून ठेवली होती. या पंपाच्या तोंडावर सोबतची रबरी टोपी लावून काटा २० इंचांवर नेला, तेव्हा पाच मिनिटांनंतरही तो जागचा हलला नव्हता.

तपासणी मी इंजिनाकडून आत सरकत केली. वन-वे व्हॉल्व्ह एका बाजूने ओढल्यावर धरून राहिला, दुसऱ्या बाजूने त्याने हवा जाऊ दिली. टाकीनेही व्हॅक्यूम धरला. मग आत जाणारी नळी पंपाला जोडून पॅनेलचे बटण एकेका स्थितीत फिरवले. काचेच्या आणि पायांकडच्या स्थितीत काटा स्थिर होता. समोरच्या जाळ्यांच्या स्थितीत मात्र तो २० वरून ८ पर्यंत काही सेकंदांत घसरला. ग्लव्हबॉक्स काढून त्या झडपेच्या ॲक्च्युएटरला (व्हॅक्यूमने झडप हलवणाऱ्या डबीला) पंप थेट जोडला, तर त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, शाबूत निघाला. उरला तो नळीच्या टोकाचा रबरी कोपरा. सरळ धरला तर तो धडधाकट दिसे; बोटाने वाकवल्यावर आतल्या बाजूची केसाएवढी भेग उघडली. त्याआधी एका गॅरेजमध्ये मला अख्खे पॅनेल बदलायला सांगितले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

उणिवा आहेत. सोबतच्या नळ्या जाड आणि ताठ आहेत, त्यामुळे डॅशबोर्डमागच्या अरुंद जागेत त्या वाकत नाहीत, आणि बारीक नायलॉनच्या नळ्यांवर जोडण्या सैल बसतात. मला मऊ सिलिकॉनची नळी वेगळी आणावी लागली. मोठ्या टाकीतली हवा ओढून काढताना पंजा भरून येतो. शिवाय गळती कोणत्या टप्प्यात आहे एवढेच हा पंप सांगतो. नेमकी भेग कान लावून, बोटे फिरवून आपणच शोधायची. इंजिनाच्या इनटेकमधील गळतीसाठी धुराचे यंत्र अधिक सोयीचे, आणि ज्या गाडीच्या झडपा विजेच्या मोटरवर चालतात तिथे या कामासाठी पंपाचा उपयोग शून्य. डिझेल गाडी असेल तर आधी इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप तपासावा, कारण जुन्या डिझेल इंजिनांत सहसा थ्रॉटल नसल्याने व्हॅक्यूम तोच पुरवतो.

आठव्या महिन्यात टोपी लावलेली असतानाही काटा हळूहळू उतरू लागला. पंप उघडून दट्ट्याच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावले आणि तो पुन्हा २० वर थांबला. ही देखभाल माहितीपत्रकात असायला हवी होती. तिथे मात्र ब्रेकमधली हवा कशी काढावी, याचीच दोन पाने भरली आहेत.