राग दरबारी: नियमाने जिरवणारं गाव

श्रीलाल शुक्ल यांची ही हिंदी कादंबरी १९६८ची. १९६९चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. इतिहासात एम.ए. झालेला रंगनाथ तब्येत सुधारायला शिवपालगंजला मामांकडे येतो. मामा म्हणजे वैद्यजी. वैद्यकी नावाला, कॉलेजची मॅनेजरी आणि को-ऑपरेटिव्ह युनियन त्यांच्याच मुठीत. पुढे ग्रामसभेच्या प्रधानपदावरही ते आपल्या घरच्या शनीचरला बसवतात. तो बैठकीत भांग घोटणारा गडी!

बाहेरचा माणूस विरुद्ध गावचे कारभारी, असा सामना इथे शोधू नका. रंगनाथ चिडतो, पण चिडायचं कुणावर? सगळे प्रेमानेच बोलतात. खरी लढत देतो लंगड नावाचा एक माणूस, तहसिलीतून एका कागदाची नक्कल मिळवण्यासाठी. लाचेच्या रकमेवरून नकला देणाऱ्या कारकुनाशी, नकलनवीसाशी, त्याचं बिनसतं आणि दोघेही हट्टाला पेटतात: हा लाच न देता नक्कल घेणार, तो नियमानेच देणार. इथून नियम हेच हत्यार होतं. कधी तिकीट कमी, कधी अर्जात चूक. त्रुटीची सूचना फळ्यावर लागते, ती याला वेळेत कळत नाही, अर्ज रद्द. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या वाचकाला हा विनोद हसवेल तितकाच बोचेल. शेवटी नक्कल तयार होते तेव्हाचं तर सांगतच नाही.

युनियनमधल्या अपहाराचं प्रकरण सहकार जवळून पाहिलेल्यांनी मुद्दाम वाचावं. सुपरवायझर दोन ट्रक गहू घेऊन पसार होतो, आणि सरकारने नुकसानभरपाई द्यावी असा ठराव वैद्यजी मांडतात. आवाज जराही चढत नाही.

उणिवा आहेत. बायका जवळजवळ नाहीत. गावातल्या बेला या मुलीबद्दल सगळे बोलतात, ती मात्र बोलत नाही. दर वाक्याला टोमणा असल्याने सलग शंभर पानं वाचली की जीभ बधिर होते. दिवसाला दोन प्रकरणं पुरेत.

हिंदी कळत असेल तर मूळच घ्या. जिलियन राइट यांचं इंग्रजी भाषांतर आहे, पण कॉलेजचे प्रिन्सिपॉलसाहेब तापले की खडीबोली, म्हणजे प्रमाण हिंदी, सोडून अवधी बोलीवर घसरतात, ती गंमत इंग्रजीत कुठून येणार? ते संवाद अडले तर मोठ्याने वाचा, निम्मे तिथेच सुटतात. आणि ‘गंजहा’ म्हणजे शिवपालगंजचा माणूस, एवढं आधीच माहीत असू द्या. हा शब्द ते लोक पदवीसारखा मिरवतात.