कॅमेरा घ्यावा की भाड्याने आणावा?

दोन-चार जणांची निर्मितीसंस्था जरा स्थिरावली, एखादी शॉर्टफिल्म आणि बाहेरची थोडी कामं पार पडली, की हा प्रश्न येतोच. साठलेल्या पैशांतून स्वतःचा कॅमेरा घ्यायचा, की दर वेळी भाड्यानेच आणायचा? आम्ही दोन्ही करून पाहिलं. माझा कल लपणार नाही, पण भाड्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

भाड्याने आणताना कथेला हवा तो कॅमेरा निवडता येतो. आरी कंपनीचा ॲलेक्सा ३५ हा मोठ्या चित्रपटांचा कॅमेरा विकत घेणं बहुतेक छोट्या संस्थांच्या आवाक्याबाहेरचं. आठवडाभरासाठी मात्र तो जमून जाऊ शकतो. खिडकीबाहेरचं लख्ख आकाश आणि आतला सावलीतला चेहरा एकाच फ्रेममध्ये तो ज्या सहजतेने सांभाळतो, ते मोठ्या पडद्यावर जाणवतं. शिवाय बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुनी होण्याची चिंता आपल्या माथी नसते. पहिली ॲलेक्सा २०१० साली आली. तिचं चित्र आजही देखणं आहे, पण नेटफ्लिक्सने स्वतःच्या निर्मितीसाठी ४के (आडवे सुमारे चार हजार पिक्सेल) सेन्सरची अट ठेवल्यावर त्या यादीत तिला जागा मिळाली नाही. अशा वेळी भाड्याने आणणारा पुढच्या चित्रपटाला दुसरा कॅमेरा आणतो, मालक मात्र अडकून पडतो.

एवढं असूनही माझं मत फिरलं ते पॅचवर्कमुळे, म्हणजे राहून गेलेले शॉट नंतर घेण्याच्या कामामुळे.

रफ कट, म्हणजे संकलनाची पहिली कच्ची जोडणी, बघायला बसलं की उणिवा दिसू लागतात. पत्र उघडणारा हात हवा असतो. दार लागतानाचा क्लोज हवा असतो. पात्राने मान वळवली, पण त्याने काय पाहिलं तेच घेतलेलं नसतं. हे शॉट काही सेकंदांचे, पण त्यांच्यावाचून अख्खा प्रसंग लंगडतो. भाड्याचा कॅमेरा एव्हाना परत गेलेला असतो. मग पुन्हा अनामत, विमा, ने-आण आणि किमान एका दिवसाचं भाडं, आणि तेही एका हाताच्या इन्सर्टसाठी. बरं, त्या तारखेला तोच कॅमेरा आणि त्याच लेन्स मोकळ्या असतील याची खात्री नाही. एकदा आम्हाला लेन्सचा दुसरा संच मिळाला. फोकल लेंग्थ त्याच होत्या, पण कडांचा मऊपणा आणि रंगाचा झुकाव निराळा. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शेवटी रंग जुळवताना, बरंच सावरलं, तरी मला तो शॉट आजही वेगळा दिसतो. एवढा खटाटोप नको म्हणून संकलनात पळवाटा शोधल्या जातात, ते मला जास्त लागतं. जो शॉट घ्यायलाच हवा होता, तो नसला तरी चालेल असं आपणच स्वतःला पटवत राहतो.

स्वतःचा कॅमेरा आल्यावर हे थांबलं. दुपारी कट पाहायचा, उणीव लिहून काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश जुळला की शॉट घेऊन टाकायचा. नटांबरोबर तालमीतही कॅमेरा लावता येतो. कोणाचा चेहरा कोणत्या लेन्सवर खुलतो हे चित्रीकरणाआधीच कळतं. हा फायदा हिशेबाच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

घ्यायचाच तर बॉडीवर सगळे पैसे ओतू नयेत असं वाटतं. सोनीच्या एफएक्स३ च्या वर्गातला कॅमेरा पुरेसा आहे. त्यात अंगभूत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) नाही, त्यामुळे बाहेरच्या चित्रीकरणासाठी फिल्टरची सोय आधीच बघावी. बॉडी बदलत राहते, लेन्स टिकतात. सिनेलेन्स बॉडीला जोडणारा पीएल माउंट १९८२ पासून आहे आणि अजूनही चालतो. आजच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीत माउंट ते सेन्सर अंतर कमी असतं, सोनीच्या ई-माउंटला १८ मिलिमीटर तर पीएलला ५२, त्यामुळे मध्ये ॲडॅप्टर बसायला जागा राहते आणि जुन्या सिनेलेन्स नव्या बॉडीवर चढतात. आणि ध्वनीची सामग्री अजून घेतली नसेल तर ती कॅमेऱ्याच्याही आधी घ्या. चित्र थोडं कमी-जास्त असलं तरी प्रेक्षक समजून घेतो; संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो.

दोन-तीन वर्षांतून एकच चित्रपट करणार असाल आणि सगळं चित्रण सलग उरकणार असाल, तर भाड्याचा मार्ग तुमच्यासाठी बरा असेल. पण ज्यांचा चित्रपट संकलनाच्या टेबलावर घडतो आणि ज्यांना तुकड्यातुकड्याने चित्रण करावं लागतं, त्यांनी मध्यम ताकदीचा का होईना, कॅमेरा घरचा ठेवावा.

मोठ्या कामाला भाड्याचा आणलात तरी आपला कॅमेरा पहिल्या दिवसापासून सेटवर असू द्या. प्रत्येक प्रकाशयोजनेत दोन्ही कॅमेऱ्यांवर कलर चार्ट (ठरावीक रंगांचा तक्ता) चित्रित करून घ्या. लेन्स, स्टॉप (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), फिल्टर आणि कॅमेऱ्याची उंची रिपोर्टमध्ये लिहून ठेवा. मग भाड्याचा कॅमेरा परत गेल्यावरही पॅचवर्क आपल्या कॅमेऱ्यावर घेता येतं, आणि ग्रेडिंग करणाऱ्याला दोन्ही जुळवायला आधार मिळतो.