पहिलं योगदान कुठे द्यायचं? गिटहब, लिनक्स कर्नल की मराठीकरण

दरवर्षी सप्टेंबर लागला की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची दोन-चार मुलं एकच प्रश्न घेऊन येतात. "दादा, ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी विचारतो, कशासाठी? मग जरा चाचरत उत्तर येतं: रेझ्युमे, जीसॉक (नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणारा गूगलचा 'समर ऑफ कोड' उपक्रम), प्लेसमेंट. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, पोटासाठी केलेलं कामही कामच. फक्त एक हिशेब या मुलांनी मांडलेला नसतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. त्यात तुम्ही पाठवलेला प्रत्येक बदल कुणीतरी वाचायचा असतो, आणि तो माणूस, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणारा मेंटेनर, बऱ्याचदा नोकरी सांभाळून, रात्रीची जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडून बसलेला असतो. तुमच्या १ तासापायी त्याची किती मिनिटं जाणार आणि त्या मिनिटांचं चीज होणार का, या एका मापाने मी खालच्या तीन वाटा मोजल्या आहेत. तुमचं माप वेगळं असेल तर निष्कर्षही वेगळा निघेल.

गिटहबवरचा एखादा प्रकल्प

ही सगळ्यात सोपी वाट. गिटहब म्हणजे असे प्रकल्प ठेवायची वेबसाइट. खातं काढा, रेपो (प्रकल्पाचा कोडसाठा) फोर्क करा, म्हणजे त्याची स्वतःची प्रत काढा, बदल करा, पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती) टाका. पहिल्यांदा करणाऱ्यालाही पंधरा-वीस मिनिटं पुरतात. खरी अडचण या सोपेपणातच आहे.

२०२० चा हॅक्टोबरफेस्ट आठवतोय का? डिजिटलओशन या क्लाउड कंपनीचा उपक्रम, तेव्हा ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. त्या वर्षी जगभरच्या मेंटेनरांवर 'रीडमी'त (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) एखादं विशेषण घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टांचा पाऊस पडला. शेवटी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून भाग घेतलाय, तिथल्याच पुल रिक्वेस्ट मोजायच्या. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या नोड-जेएसच्या प्रसिद्ध फ्रेमवर्कच्या रेपोत असाच लोंढा आला. शेकडो जण 'रीडमी'त स्वतःचं नाव घालून पाठवत होते. आपल्याकडच्याच एका यूट्यूब शिकवणीत पुल रिक्वेस्टचं प्रात्यक्षिक त्या रेपोवर दाखवलं होतं आणि मुलांनी ते जसंच्या तसं गिरवलं. मुलं वाईट नव्हती, पण तालीम चालू दुकानात केली. सराव करायचा तर स्वतःचा किंवा मित्राचा रेपो आहेच की.

मग या वाटेने नीट कसं जायचं? तुम्ही रोज वापरता असंच सॉफ्टवेअर निवडा. जे कधी वापरलंच नाही, त्यातली खोड तुम्हाला कशी कळणार? 'कॉन्ट्रिब्यूटिंग' नावाची फाइल असेल तर ती आधी वाचा. त्याहून महत्त्वाचं, नाकारलेल्या जुन्या पुल रिक्वेस्ट वाचा. त्या प्रकल्पाला काय नको आहे ते तिथे अर्ध्या तासात कळतं आणि हे कुठल्याही मार्गदर्शिकेत लिहिलेलं नसतं. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल. नवीन सोय घालायची असेल तर कोड लिहिण्याआधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची चर्चेची नोंद) उघडून विचारा. दोन आठवडे खपून केलेलं काम "हे आम्हाला नको आहे" या एका ओळीत परत आलं की दोन्हीकडे कडवटपणा राहतो.

'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांना जमेल असं काम) असं लेबल दिसलं की त्याखाली "प्लीज असाइन मी" अशी रांग लागते. त्या रांगेत उभं राहू नका. तो बग तुमच्या मशीनवर घडवून बघा, कुठल्या आवृत्तीत घडतो, कुठल्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) घडतो ते लिहा. असं करणाऱ्याला काम मागावं लागत नाही, ते त्याच्याकडे येतं.

एआयकडून लिहून घेतलेल्या कोडबद्दल एकच सांगतो. रिव्ह्यूमध्ये "ही ओळ का?" असं विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही, तर तो कोड पाठवण्याजोगा नव्हता. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या कर्ल या साधनाचे कर्तेधर्ते डॅनियल स्टेनबर्ग एआयने रचलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांबद्दल जाहीरपणे वैतागलेले आहेत. जेंटू या लिनक्स वितरणाने तर २०२४ मध्ये एआयच्या मदतीने केलेलं योगदान घ्यायचंच नाही असं ठरवलं. तेव्हा प्रकल्पाचा नियम आधी बघा.

लिनक्स कर्नल

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. इथे पुल रिक्वेस्टचं बटण नाही. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ईमेलने जातो, साध्या मजकुरात, एचटीएमएल नाही, अटॅचमेंट नाही. जीमेलच्या वेबपानावरून पाठवलात तर टॅबच्या जागी स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही. म्हणून गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची 'गिट सेंड-ईमेल' ही आज्ञा शिकावी लागते. पाठवण्याआधी लिखाणातल्या चुका दाखवणारी 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट चालवायची. 'गेट-मेंटेनर' ही दुसरी स्क्रिप्ट तो पॅच कुणाकुणाला पाठवायचा हे सांगते. उत्तर देताना समोरच्याच्या मजकुराखाली, मुद्द्यागणिक लिहायचं. वर एक परिच्छेद लिहून खाली सगळी जुनी मेल लटकवत ठेवायची नाही. दुसरी आवृत्ती पाठवताना तिला 'व्ही-२' म्हणायचं आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचं.

एवढा सोवळेपणा कशाला, असं पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. पण एकेका आवृत्तीत १० हजारांहून अधिक बदल आत येतात आणि आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. हे सगळं वाचणाऱ्यांची मिनिटं वाचवायची तर पाठवणाऱ्याने थोडं जास्त राबायचं, असा तो सौदा आहे. गिटहबवर मेहनत मेंटेनरच्या गळ्यात पडते, इथे ती तुमच्या दारातच अडवली जाते. म्हणून शिकणाऱ्याच्या दृष्टीने मी कर्नलला वरचा नंबर देतो. इथे तीन-चार पॅच मार्गी लावलेल्या माणसाचा कमिट-मेसेज लांबूनही ओळखू येतो: काय बदललं हे कोड सांगतोच, का बदललं ते त्यात लिहिलेलं असतं.

सुरुवातीला 'ड्रायव्हर्स'मधल्या 'स्टेजिंग' विभागात डोकवा. अजून पुरता न पिकलेला कोड तिथे असतो, नवख्यांच्या सफाईच्या पॅचचं तिथे स्वागत होतं. इतर विभागांत मात्र नुसत्या स्पेस आणि कंस सरळ करणारे पॅच पाठवू नका. नवी आवृत्ती निघाली की पुढचे दोन आठवडे 'मर्ज विंडो' (नवे बदल आत घ्यायचा काळ) असते, मेंटेनर तेव्हा श्वास घ्यायलाही मोकळे नसतात. त्या दिवसांत उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते. २००४ पासूनची ही प्रथा आहे. हा कोड देण्याचा अधिकार मला आहे, असं तुम्ही त्या ओळीने लिहून देता. आयटीत नोकरी करणाऱ्यांनी इथे थांबावं आणि आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. नोकरीत असताना तुम्ही लिहिलेलं सगळं कंपनीचं, असं कलम त्यात असू शकतं. तसं असेल तर आधी लेखी परवानगी. गिटहबवरचे काही प्रकल्प याऐवजी वेगळा करार ऑनलाइन मान्य करायला लावतात. तिथेही प्रश्न तोच.

आणि बोलण्याची तऱ्हा? कर्नलवाले खडूस, ही ख्याती पूर्वी खोटी नव्हती. २०१८ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या भाषेबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. आता बोलणं तुटक असतं, पण ते कोडबद्दल असतं. "नाही, हे चूक आहे" एवढंच उत्तर आलं तर तो अपमान समजू नका. आपल्याकडे नकार देताना आधी चहा विचारतात, तिथे नाही.

इथे एकदा गेलेला विश्वास मात्र सहजी परत येत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, मेंटेनर फसतात का हे तपासायला, मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या अख्ख्या विद्यापीठाचं योगदान बंद केलं आणि तिथून आलेले जुने पॅचही पुन्हा तपासायला घेतले गेले. प्रयोग कुणा मोजक्यांचा, भुर्दंड सगळ्यांना.

मराठीकरण

कोड येत नसेल तर भाषांतर करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. भाषांतर ही कोड न येणाऱ्यांची उरलीसुरली वाट नव्हे. ज्याला मराठी नीट येते त्याचीच ती वाट आहे, आणि अशी माणसं कोड लिहिणाऱ्यांपेक्षा दुर्मिळ निघाली आहेत.

यंत्रणा सोप्या आहेत. फायरफॉक्ससाठी मोझिलाचं पॉन्टून, लिबरऑफिससाठी वेबलेट, विकिपीडियामागच्या मीडियाविकीसाठी ट्रान्सलेटविकी. ब्राउझरमध्ये डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा चौकोन. काही बसवायचं नाही, गिटही लागत नाही. कष्ट त्या रिकाम्या चौकोनात आहेत.

'सेव्ह'चं 'वाचवा' झालेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. 'फ्री' हा शब्द एकटा समोर आला तर तो मोफत, मुक्त की डिस्कवरची रिकामी जागा? 'राइट' म्हणजे उजवीकडे की बरोबर? 'ओपन' ही आज्ञा आहे की अवस्था, उघडा की उघडलेलं? स्ट्रिंगसोबत (भाषांतरासाठी दिलेल्या मजकुराच्या तुकड्यासोबत) दिलेली टीप वाचल्याशिवाय किंवा तो पडदा प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय हे ठरत नाही. मी पहिल्याच आठवड्यात दोनशेच्या वर स्ट्रिंग धडाधड भरल्या होत्या आणि फार खूश होतो. तपासणाऱ्या बाईंनी त्यातल्या निम्म्याहून जास्त परत पाठवल्या, प्रत्येकीवर कारण लिहून. त्यांचा तो अख्खा रविवार मी खाल्ला.

त्यानंतर सामान्यरूप. इंग्रजीत 'वेलकम टू' आणि पुढे शहराच्या नावासाठी मोकळी जागा, एवढं पुरतं. मराठीत त्या जागी 'पुणे' बसलं की 'पुणेमध्ये स्वागत' होतं, कारण सॉफ्टवेअरला 'पुण्यात' म्हणता येत नाही. म्हणून वाक्य फिरवायचं: 'स्वागत! ठिकाण: पुणे'. लिंगाचंही तसंच. फाइल हटवली, फोटो हटवला, चित्र हटवलं. इंग्रजीत तिन्हींना मिळून एकच स्ट्रिंग असेल तर भाषांतरकार कितीही हुशार असो, दोन ठिकाणी चुकणारच. अशा वेळी गप्प बसून तडजोड करू नका. मूळ प्रकल्पात इश्यू उघडा, तिन्ही वाक्यं लिहून दाखवा, स्ट्रिंग वेगळ्या करायला सांगा. तुमच्या एका इश्यूमुळे हिंदी, गुजरातीवाल्यांचाही प्रश्न सुटतो. दहा ओळींच्या पॅचपेक्षा याची किंमत मी जास्त धरतो. हे काम मराठी येणाऱ्यानेच करायचं आहे, कॅलिफोर्नियातल्या मेंटेनरला ते दिसणारसुद्धा नाही.

तांत्रिक खुणांना हात लावू नका. लिबरऑफिसच्या मेनूत अक्षराआधी असणारं नागमोडी चिन्ह किंवा जीनोम या लिनक्स डेस्कटॉपमधली खालची रेघ ही कीबोर्डच्या शॉर्टकटची खूण असते. टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं अक्षर म्हणजे मोकळी जागा. ती मोडली तर प्रोग्रॅम कोसळूही शकतो.

आदराचा प्रश्न मात्र या वाटेवर सगळ्यात नाजूक. फाइल, संचिका की धारिका? साठवा की जतन करा? प्रत्येकाला आपलाच शब्द शुद्ध वाटतो. माझं स्वतःचं मत 'फाइल'च्या बाजूचं आहे, पण दहा वर्षांपूर्वी कुणी अख्खं सॉफ्टवेअर 'धारिका' धरून केलं असेल तर मी धारिकाच लिहीन. अर्धा मेनू फाइल आणि अर्धा धारिका, हे दोन्हींपेक्षा वाईट. बदलायचंच असेल तर गटाशी बोलून सगळीकडे एकदम बदला. पुण्यात रेड हॅटमध्ये सुरू झालेल्या फ्युएल प्रकल्पाने नेहमीच्या शब्दांच्या याद्या भाषागणिक केल्या, त्या याच भांडणातून वाट काढायला.

तोटाही सांगतो. मराठीचे गट लहान आहेत. तुमच्या सूचना महिनोन् महिने कुणी न तपासता पडून राहू शकतात. जीसॉकच्या घाईत असणाऱ्याला ही वाट परवडत नाही.

बग कळवणं

हे तिन्ही वाटांवर चालतं आणि कुणी त्याला मोजत नाही. कुठली आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं: या चार गोष्टी लिहा. एखाद्या फॉन्टमध्ये 'आचाऱ्यांना' लिहिलेलं 'आचार्यांना' दिसत असेल तर तो चित्रासह कळवण्याजोगा बग आहे. स्वयंपाक्याचा गुरुजी होतो.

उत्तर येईपर्यंत

कर्नलच्या नियमांत किमान एक आठवडा थांबा असं लिहिलंय. बाकी प्रकल्पांत मी दोन आठवडे धरतो, मग एकदाच, एका ओळीत विचारतो. "अजून किती वाट बघायची?" हा सूर मुळीच नको. त्यामागे चांगुलपणापलीकडचं कारण आहे. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारं, छोटं पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणारं सॉफ्टवेअर एकटे लासे कोलिन सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं की काम हळू चाललंय, दुसरा मेंटेनर आणा. तसा दुसरा आला, आणि त्यानेच पुढे त्यात चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून मार्च २०२४ मध्ये ते उघडकीला आलं. तेव्हापासून तगादा लावणाऱ्या अनोळखी माणसाकडे मेंटेनर संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे.

तर मग कुणी काय निवडावं

हातात तीन महिने आहेत आणि जीसॉक हवंय, तर गिटहब, पण आजच. २०२२ पासून जीसॉकला विद्यार्थी असण्याची अटही नाही, त्यामुळे गर्दी फक्त कॉलेजांची नसते. अर्ज करायच्या आठवड्यात पहिल्यांदा उगवणारा माणूस मेंटेनरला लगेच कळतो. सी भाषा येते, सिस्टिम्समध्ये नोकरी हवी आहे आणि वर्षभर धीर धरता येतो, तर कर्नल. मराठी शिकवणारे, निवृत्त झालेले, किंवा परदेशात राहून मराठीला सरावलेले हात गंजू द्यायचे नाहीत असे जे कुणी असतील त्यांनी डोळे मिटून मराठीकरणाकडे जावं. लिबरऑफिस कधी वापरलंच नसेल तर आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले मराठी धडे बघा, मग वेबलेट उघडा.

तरीही ठरत नसेल तर आज रात्री एखाद्या आवडत्या सॉफ्टवेअरचा मराठी मेनू लावून बघा. पहिल्या पाच मिनिटांत जो शब्द खटकेल, तो लिहून ठेवा.