चष्मा की लेझर?

चिखलदऱ्याच्या अंधारात दुर्बीण लावणारा भाचा विचारतो, "मामा, लेझर करून टाकू का?"

दुर्बिणीपुरतं बोलायचं तर साधा मायनस नंबर फोकस फिरवला की भागतो. सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर, जास्त असेल तर मात्र चष्मा हवाच, आणि १५-२० मिमी आय रिलीफची, म्हणजे डोळा तेवढा लांब ठेवूनही पूर्ण दिसेल अशी, आयपीस (डोळा लावायचं भिंग).

खरी गोम बाहुलीत आहे. तरुण बाहुली अंधारात ७ मिमीपर्यंत उघडते. लेझरने नीट केलेला, बाहुलीपुढच्या पारदर्शक पडद्याचा भाग बहुधा ६ ते ६.५ मिमी. कडेचा प्रकाश विस्कटला की ताऱ्याभोवती वलय. बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं राहतं. शिवाय डोळे कोरडे पडतात, आणि आपला मे महिना!

खर्च? लेझर एकदाच, पण चाळिशीचा चष्मा चुकत नाही.

शेतातल्या धुळीघामात चष्म्याने जीव नकोसा झाला असेल, तर अंधारातली बाहुली मोजून लेझर कर. नुसत्या डोळ्यांनी उल्का मोजायच्या असतील तर चष्माच बरा.